परसातल्या टोमॅटोचा तिखटमिठाचा कॉब्लर

गटांच्या बैठकीत गेल्या दोन महिन्यांत एकच प्रश्न फिरून फिरून आला: टोमॅटोचं करायचं काय? परसात चार-पाच झाडं लावलेली असतात, महिनाभर एकही फळ लाल होत नाही, आणि मग एका आठवड्यात टोपलीभर पिकतं. विकायला न्यावं तर भाव नाही. 2023 च्या उन्हाळ्यानंतर टोमॅटोने शंभरी कधीच ओलांडली होती, आणि त्याच वर्षी पावसाळा सरताना शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. मोठ्या बागायतदाराचं हे दुखणं वेगळं. आपलं दुखणं टोपलीएवढं, पण तेही वाया जाताना जीव हळहळतोच.

चटणी, सार, भाजी, लोणचं हे तुम्हाला मी काय सांगणार? आज एक वेगळा पदार्थ सांगते. तो मूळचा अमेरिकेचा, नाव कॉब्लर. नाव ऐकून हसू नका. खाली मसाल्यात शिजलेले टोमॅटो, वर मऊ पिठाचे गोळे, आणि हे सगळं एकाच भांड्यात भाजलेलं. म्हणजे कालवण आणि भाकरी एकाच वेळी, एकाच भांड्यात तयार.

इंग्लंडहून जे लोक अमेरिकेत वस्तीला गेले, त्यांच्याकडे सुरुवातीला घरच्यासारख्या भट्ट्या नव्हत्या. जाड लोखंडी भांड्यात फळं घालायची, वर पिठाचे गोळे टाकायचे, झाकण लावून निखाऱ्यावर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. वरचे गोळे फुगून एकमेकांना चिकटले की गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसतात, त्यावरून हे नाव पडलं असं बरेच जण मानतात. तिकडे कॉब्लर म्हटलं की आधी पीच किंवा बेरीचा गोडच आठवतो. तिखटमिठाचा, टोमॅटोचा कॉब्लर हा त्याचाच भाऊबंद. परसात टोमॅटो भरपूर आले की तिकडच्या बायकाही तो करतात.

आता वर-खाली विस्तव ठेवून भाजणं आपल्याला नवं आहे का? कोकणात काकडीचं धोंडस असंच भाजतात, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. विदर्भात रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. त्यामुळे ‘आमच्याकडे ओव्हन नाही’ म्हणून कुणी मागे हटायचं कारण नाही. ज्यांनी हा पदार्थ काढला, त्यांच्याकडेही तो नव्हता.

साहित्य सहा माणसांचं सांगते, लिहून घ्या. खालच्या भागाला सव्वा किलो पिकलेले टोमॅटो, दोन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, दोन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा ओवा, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दीड मोठा चमचा मक्याचं पीठ, म्हणजे दुकानात मिळतं ते पांढरं कॉर्नफ्लोअर. वरच्या भागाला 250 ग्रॅम कणीक, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा, पाऊण चमचा मीठ, 75 ग्रॅम घट्ट तूप किंवा लोणी आणि साधारण 200 मिलिलिटर जाडसर आंबट ताक. मूळ पदार्थात चीज असतं. आणायला जमलं तर दोन मुठी किसून पिठात घाला. नाही जमलं तर भाजलेल्या तिळाची मूठ घाला. मला तर तीळच जास्त आवडतात.

ओवा का म्हणाल? तिकडे टोमॅटोत थाइम नावाची पाला-वनस्पती घालतात. थाइमचा आणि ओव्याचा वास ज्या द्रव्याने येतो ते एकच आहे, थायमॉल. म्हणजे महागड्या बाटलीतली चव आपल्या मसाल्याच्या डब्यात आधीच बसलेली आहे. वरून कोथिंबीर घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पाणी. टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणीच असतं. ते तसंच ठेवून वर पीठ टाकलंत तर खाली सार होईल आणि गोळे खालून गिच्च राहतील. या पदार्थात फसगत होते ती बहुतेक इथेच. म्हणून अर्ध्या टोमॅटोंच्या जाड फोडी करून त्यांना अर्धा चमचा मीठ चोळा आणि चाळणीत पंधरा-वीस मिनिटं निथळत ठेवा. मीठ पाणी ओढून घेतं. निथळलेलं पाणी फेकू नका, त्यात सार होतं, नाहीतर संध्याकाळच्या आमटीत जातं. उरलेले अर्धे टोमॅटो बारीक चिरा. तेलात ओवा, लसूण, मिरची, कांदा परतून त्यात ते घाला आणि झाकण न ठेवता पंधरा मिनिटं आटवा. कडेने तेल दिसायला लागलं की गूळ घाला, मक्याचं पीठ दोन चमचे पाण्यात कालवून घाला, एक उकळी आणा. मग निथळलेल्या फोडी त्यात मिसळा. मिठाची चव आत्ताच बघा, कारण फोडींना मीठ आधीच लागलेलं आहे.

फळ कोणतं घ्यावं? लांबट, जाड गराचं, कमी बियांचं फळ असेल तर काम सोपं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री असे वाण पुष्कळ जणी लावतात, तेही चालतात. गावरान गोल टोमॅटो जास्त रसाळ आणि आंबट, पण चव त्याचीच खरी. तो घेतलात तर पाच मिनिटं जास्त आटवा. आणि पिकायला आलेले टोमॅटो फ्रिजमध्ये कोंबू नका. फार गारव्यात त्यांचा वास मरतो. टोपलीत, देठाची बाजू खाली करून, सावलीत ठेवा. डागाळलेला भाग कापून टाकता येतो, पण बुरशी आलेलं किंवा आंबूस वास येणारं फळ सरळ खतात जाऊ द्या. काटकसर तिथे नको.

भांड्याचं एक सांगून ठेवते. टोमॅटो आंबट असतो आणि आंबट धातूला खातं. बिनकल्हईच्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात हा पदार्थ अजिबात करू नका. अ‍ॅल्युमिनियमही टाळा. स्टीलचा खोलगट डबा किंवा पातेलं, साधारण नऊ इंच रुंद आणि अडीच-तीन इंच खोल, उत्तम. चांगली मुरलेली लोखंडी कढई चालते, फक्त जेवण झाल्यावर उरलेलं त्यात ठेवू नका, काळपट होतं आणि तोंडाला लोखंडाची चव येते.

आता पीठ. कणकेत बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि तीळ घालून दोनदा चाळा किंवा हाताने नीट एकत्र करा. घट्ट तुपाचे छोटे तुकडे त्यात टाकून बोटांच्या टोकांनी चोळा. आपण चिरोट्याला किंवा शंकरपाळ्याला मोहन घालतो तसं, पण गरम मोहन नाही. इथे तूप गारच हवं. वाटाण्याएवढे कण राहिले तर राहू द्या. ते भाजताना वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते आणि गोळा आतून पापुद्र्यांचा, खुसखुशीत होतो. उन्हाळ्यात तूप पातळ होतं, तेव्हा वाटी तासभर गार पाण्यात ठेवावी लागते. शेवटी ताक घाला आणि चमच्याने जेमतेम एकत्र करा. मळू नका! पोळीच्या कणकेसारखं मळलंत की चिवट होतं. पीठ भज्यांपेक्षा घट्ट आणि पोळीपेक्षा सैल, हाताला चिकटणारं असावं.

ताकाची आंबट आणि सोडा भेटले की लगेच वायू सुटायला लागतो आणि त्यानेच गोळा फुगतो. म्हणून ताक घातल्यावर पीठ झाकून ठेवून धुणं धुवायला जायचं नाही. टोमॅटो तयार, विस्तव तयार, मगच ताक.

मैद्याची गरज नाही. ज्वारी घालावी का, असं एका गटातल्या काकूंनी विचारलं होतं. घाला, पण तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते, नुसत्या ज्वारीचा गोळा रश्शात विरघळून जातो.

टोमॅटो भांड्यात ओता, ते गरम असले पाहिजेत. गार मिश्रणावर पीठ टाकलं तर वरून लाल दिसतं आणि खालून कच्चं राहतं. ओल्या हाताने किंवा डावाने लिंबापेक्षा थोडे मोठे गोळे वर सोडा, मध्ये बोटभर फट ठेवत. वाफ त्या फटीतून बाहेर पडते. सगळं भांडं पिठाने लिंपून टाकू नका.

ओव्हन असेल तर 200 अंशावर आधी तापवून साधारण 40 मिनिटं. नसेल तर जाड बुडाची मोठी कढई किंवा पातेलं घ्या, तळाला इंचभर जाड मीठ किंवा स्वच्छ कोरडी वाळू पसरा, वर स्टीलची रिंग ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापू द्या. मग आत भांडं ठेवून पुन्हा झाकण. यात पाऊण ते एक तास लागतो. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचंच, विसरायचं नाही. नॉनस्टिकचं भांडं असं कोरडं तापवू नका. या पद्धतीत वरचा रंग फिका राहतो. त्यावर उपाय असा: शेवटच्या दहा मिनिटांत लोखंडी तवा दुसऱ्या चुलीवर कडक तापवा आणि झाकणाऐवजी तोच कढईवर पालथा ठेवा. चूल असेल तर झाकणावर निखारे, ते तर सगळ्यात झकास. मात्र निखाऱ्याचं काम उघड्यावर किंवा पडवीत करा. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत कोळशाचा धूर न दिसणारा आणि जीवघेणा असतो.

झालं की नाही कसं ओळखायचं? फटींमधून रस्सा जाड बुडबुड्यांनी रटरटताना दिसला पाहिजे. मधला एक गोळा चमच्याने उचलून उलटा करून बघा. खालची बाजू ओलसर असेल पण चिकट पीठ दिसत नसेल तर झालं. उतरवल्यावर पंधरा मिनिटं थांबा, रस्सा तेवढ्यात आळतो. पोरं थांबत नाहीत, हे मला माहीत आहे.

या पंधरा मिनिटांबद्दल आणि त्याआधीच्या पाऊण तासाबद्दल मला थोडं बोलायचं आहे. आपल्याकडे गरम भाकरी ताटात पडली पाहिजे म्हणून करणारी चुलीपाशी बसते आणि बाकीचे जेवतात. तिची पाळी येते तेव्हा कालवण गार आणि भाकरी उरली तर उरली. हा पदार्थ भाजत असताना करणाऱ्या बाईला काही काम नसतं. आणि तो एकदाच, सगळ्यांसाठी, एकाच भांड्यातून वाढला जातो. त्यामुळे तीही सगळ्यांबरोबर बसू शकते. आमच्या गटात हा पदार्थ करून पाहिला तेव्हा चवीपेक्षा याचीच चर्चा जास्त झाली. एक सासूबाई म्हणाल्या, ‘रोज नको, पण रविवारी चालेल.’ तेवढंही काही कमी नाही.

पोषणाचं विचाराल तर शिजवल्याने टोमॅटोतलं क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, पण त्याला लाल रंग देणारं लायकोपीन शिजवून, तेला-तुपाबरोबर खाल्लं की शरीराला जास्त मिळतं. तरी हे पूर्ण जेवण समजू नका, यात डाळ नाही. सोबत मोडाच्या मटकीची उसळ किंवा घट्ट पिठलं असू द्या.

विक्रीचा प्रश्न येणारच, म्हणून स्पष्ट सांगते. हा पदार्थ पाकिटात भरून विकायचा नाही. ओलसर आहे, टिकत नाही. जत्रेत, आठवडी बाजारात, तालुक्याच्या प्रदर्शनात गरमागरम द्रोणातून द्यायचा असेल तर छान खपण्यासारखा आहे. अन्नपदार्थ विकण्यासाठी लागणारी नोंदणी आधी करून घ्या. आणि यासाठी गटातून कर्ज काढून ओव्हन घ्यायची घाई करू नका. 1,500 वॅटचा ओव्हन तासभर सलग चालला तर दीड युनिट वीज खातो, आणि बाजाराच्या दिवशीच लाईट गेली तर सगळं पीठ हातात. आधी कढईवर चार बाजार करून बघा. टोमॅटो घरचे असले तरी त्यांची किंमत धरा, तुपाची, गॅसची आणि आपल्या मजुरीचीही धरा. ती न धरता झालेला नफा हा नफा नसतो, आपलीच मजुरी असते. एवढं सगळं धरूनही वहीत चार पैसे उरत असतील, तर ओव्हनचा विषय बैठकीत घ्या.

उरलाच, तर त्याच दिवशी दोन-तीन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गोळे रस्सा पिऊन मऊ पडलेले असतात. तव्यावर थेंबभर तेल टाकून, गोळ्याची बाजू खाली करून मंद आचेवर परतलात की पुन्हा कुरकुरीत होतात, आणि सकाळच्या चहाबरोबर फार छान लागतात.