दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या

नगर–पाथर्डी रस्त्यावर करंजीचा घाट ओलांडला की तिसगाव लागतं. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची खरेदी इथलीच, आणि माझं मेडिकलही याच रस्त्यावर. पेशंट चिठ्ठी लिहून घेतो तेव्हा डॉक्टर त्याला पाहतात. तो पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आला की नाही, हे मात्र मला दिसतं. चिंतेच्या आजाराबद्दल मला जे सांगायचंय ते तिथूनच सुरू होतं. डॉक्टरपर्यंत पोहोचणारी माणसं आता वाढली आहेत. टिकणारी कमी आहेत.

सुरुवातीला हा आजार दुकानात वेगळ्याच वेषात येतो. कोणी पित्ताची गोळी मागतं, कोणी ‘जरा बीपी बघा’ म्हणतं, कोणाला अशक्तपणावर ताकदीची बाटली हवी असते. नेप्तीच्या मार्केटला कांदा नेणारा एक पिकअपवाला असाच यायचा. घाटात गाडी शिरली की छातीत धडधड, तळहाताला घाम, ‘आता काय मी वाचत नाही’ असं वाटायचं. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, चांगला आला. घरचे म्हणाले, ‘तुला काही झालेलं नाही.’ त्यानंतर त्याने त्रास सांगणं बंद केलं आणि घाटातून गाडी नेणंही.

त्याला झालं होतं, आणि ते खरंच होतं. संकट दिसलं की शरीर ॲड्रिनलिन सोडतं, ठोके वाढतात, श्वास जोरात चालतो. पळायला किंवा लढायला ती तयारी लागतेच. चिंतेच्या आजारात ही यंत्रणा संकट नसताना सुरू होते. शेतातल्या मोटारीला ऑटो बसवलेला असतो, वीज आली की मोटार चालू, मग विहिरीत पाणी असो वा नसो. तसंच हे. श्वास भरभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून ओठांना, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. माणसाला वाटतं, अर्धांगवायू आला. असा पॅनिकचा झटका बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. तो परत येईल या धास्तीनेच माणूस एसटी, बाजार, लग्नाची गर्दी टाळू लागतो.

पाऊस लांबला, उचल फिटली नाही, मुलीची बारावी आहे, तर काळजी वाटणारच. ती आजार नव्हे. पण सहा महिने, बहुतेक दिवस, कशाचीही काळजी लागून राहते, झोप उडते, मान-खांदे आखडतात, कामात मन लागत नाही, तेव्हा डॉक्टरकडे जायला हवं. चारचौघांत बोलण्याची आयुष्य अडवणारी भीती हाही याच घरातला आजार. चिंतेचा आजार म्हणण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करायची. पहिल्यांदाच छातीत दुखून घाम फुटला तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नये, आधी हृदय तपासून घ्यावं. थायरॉइड वाढलेला असला किंवा रक्त कमी असलं तरी धडधड होते, म्हणून रक्तही तपासावं. तंबाखूनेही ठोके वाढतात. दारूने रात्र जाते, पण सकाळी घालमेल दुप्पट होते.

आता गोळ्यांचं. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्या या आजारावर जास्त लिहिल्या जातात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही दिवसांत मळमळतं, कधी बेचैनी थोडी वाढतेसुद्धा. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर. आपल्याकडे तापाची गोळी रात्री घेतली की सकाळी उतार पडावा, अशी सवय. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ‘ही गोळी मला सोसंना’ म्हणून ती सुटते, नेमकी गुण यायच्या तोंडावर. जे तेवढं सोसतात, ते बरं वाटू लागलं की सोडतात. खरं तर बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवावी लागते आणि नंतर डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड होते आणि आजारही उलटू शकतो.

दुसरा गट अल्प्राझोलाम, डायझेपामचा. तासाभरात शांत वाटतं, म्हणून हीच गोळी लोक शेजाऱ्याला सुचवतात. पण रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय लागते. म्हणूनच ती ‘एच-वन’ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि पेशंटचं व डॉक्टरचं नाव लिहिलेलं वेगळं रजिस्टर आम्हाला तीन वर्षं जपावं लागतं. ‘दादा, दोनच द्या’ म्हणणाऱ्या मावशींना मी नाही म्हणतो, ते याच कारणाने.

गोळीइतकाच गुण बोलण्याच्या उपचारालाही येतो. समुपदेशक विचारांची गाठ सोडवायला शिकवतात आणि टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने नेतात. घाटाची भीती असलेल्याने आधी सोबत घेऊन करंजीपर्यंत जायचं, मग एकट्याने, मग घाट पार करायचा, मग नगर. प्रत्येक पायरीवर धडधड होईल, पण ती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं. भीती आपोआप उतरते, हे शरीराला स्वतः अनुभवावं लागतं. अशा उपचारांपैकी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. ठाण्याची आयपीएच ही संस्था 1990पासून या क्षेत्रात काम करते आहे.

आमच्या तालुक्यात उपचार तुटण्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. नवरात्रात मोहट्याच्या देवीला जाणारे कडक उपवास करतात, त्यासोबत गोळीही थांबते. उपवास जरूर करा, फक्त गोळी कधी आणि कशी घ्यायची ते आधी डॉक्टरांना विचारा. मढीला, वृद्धेश्वरला दर्शनाला जाणाऱ्यांनाही मी एवढंच सांगतो, नवस आणि गोळी यांचं भांडण नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि फडावर गेलेली ताई पुढे कित्येक महिने दिसत नाही. निघण्याआधी डॉक्टरांना तसं सांगून जास्त दिवसांची चिठ्ठी मागावी, मूळ कागद जपावा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा. आणि गाव काय म्हणेल ही भीती असेल, तर माझ्या दुकानात येऊ नका, नगरहून घ्या. पण घ्या.

2015-16 साली 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारांविना असल्याचं त्यात आढळलं. आमच्याकडे नगरला जायचं भाडं आणि बुडालेला रोज हेही आड येतं. सुरुवात फोनवरून करता येते. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर त्या माणसाला एकटं सोडू नये, लगेच हा फोन लावावा किंवा दवाखाना गाठावा. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळण्याचा आणि माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. विमा कंपन्यांनीही या आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायचं आहे.

घरच्यांचं काम छोटं आहे. ‘मन घट्ट कर’ हे वाक्य बाजूला ठेवावं आणि पुढच्या तारखेला सोबत जावं. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आठवण करावी. मीही गोळ्या देताना पुढची तारीख पाकिटावर पेनाने लिहून देतो. धंद्याच्या हिशेबाने गिऱ्हाईक तुटलं तर नुकसान माझंच. तरी या गोळ्यांचं गिऱ्हाईक कमी झालेलं मला चालतं. फक्त ते डॉक्टरांनी कमी केलेलं असावं.