देशाची शीव आणि पळालेला माणूस

हर्सूलच्या तुरुंगाची भिंत आपण येता-जाता पाहतो. गुन्हा शाबीत झाला की माणूस त्या भिंतीआड जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो देशाची शीव ओलांडून पळाला तर? आपला शिपाई तिकडे जाऊन त्याला धरून आणील का?

नाही. एका देशाच्या पोलिसाला दुसऱ्या देशात अधिकार नसतो. तिथल्या सरकारकडे रीतसर मागणी करावी लागते. तिथले कोर्ट कागदपत्रे तपासते. मगच माणूस ताब्यात मिळतो. याला प्रत्यार्पण म्हणतात.

कोणी म्हणेल, "अहो, चोर तो चोर! एवढा विचार कशाला? धरा अन् द्या पाठवून!" पण पळालेला प्रत्येक माणूस चोर नसतो. कोणी जुलमाला भिऊन पळतो. कोणी आपल्या राज्यकर्त्यांशी लढून पळतो. अशाला दुसरा देश थारा देतो, त्याला आश्रय म्हणतात. चोर कोण आणि आश्रयाला आलेला कोण, हे चौकशीवाचून कसे कळणार?

घाई केली तर काय होते, याची एक खरी हकिगत ऐका. तिचे एक टोक आपल्या जवळच आहे.

अनंत कान्हेरे हा तरुण औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शिकत होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी त्याने नाशिकच्या नाटकगृहात इंग्रज कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या. ते पिस्तूल विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्यांपैकी आहे, असा सरकारचा आरोप होता. मार्च १९१० मध्ये सावरकरांना लंडनला पकडले आणि पुढे बोटीने हिंदुस्थानाकडे रवाना केले.

८ जुलै १९१० रोजी बोट फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात उभी होती. सावरकर शौचकूपाच्या लहान खिडकीतून निसटले आणि पोहत धक्क्यावर आले. आता ते फ्रान्सच्या भूमीवर होते. इंग्रजांचा हुकूम तिथे चालत नव्हता. पण एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि परत बोटीवर नेऊन दिले. ना मागणी, ना कोर्ट, ना चौकशी! सारे काही मिनिटांत आटोपले. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

फ्रान्सात ओरड झाली. त्या सरकारने सावरकरांना परत मागितले. भांडण हॉलंडमधल्या हेग शहरी पाच पंचांपुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. बोटीवर नजर ठेवण्याबद्दल दोन्ही पोलिसांत आधीच लिहापढी झाली होती. पंच म्हणाले, रीत चुकली खरी, पण इंग्रजांनी कपट केले नाही. म्हणून माणूस परत देण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. तोवर सावरकरांना ५० वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्यांना अंदमानला नेले. चूक कबूल झाली, पण माणूस परत मिळाला नाही.

आज त्याच हेग शहरात युरोपोल नावाची कचेरी आहे. युरोपीय संघातल्या २७ देशांचे पोलीस तिच्यामार्फत एकमेकांना माहिती देतात. एका देशाच्या कोर्टाचे वॉरंट दुसऱ्या देशात लवकर बजावले जाते. पण तिथला न्यायाधीश ते आधी पाहतो. १९५१ च्या निर्वासित करारानेही ठरले आहे की, जिथे जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलू नये.

आपल्यालाही हा अनुभव आहे. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांतला आरोपी अबू सालेम पोर्तुगालमध्ये सापडला. त्या देशात फाशी नाही. फाशी देणार नाही आणि २५ वर्षांहून जास्त काळ कैदेत ठेवणार नाही, असा शब्द आपल्या सरकारने दिला. तेव्हा कुठे २००५ मध्ये तो ताब्यात मिळाला. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले, दिलेला शब्द पाळला पाहिजे.

गुन्हेगाराला थारा नको, आणि आश्रयाला आलेल्याला धक्का नको. पण कोण कोणता, हे धक्क्यावर उभ्या शिपायाने ठरवायचे नसते. ते दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीशाने ठरवायचे असते.