वणीतलं सकाळचं हॉटेल

सकाळचे साडेसात. फेब्रुवारीचा गारवा अजून हटलेला नाही. वणीत रस्त्यालगतच्या या हॉटेलात रस्सा उकळतोय आणि काळ्या मसाल्याचा वास बाहेरच्या बाकापर्यंत येतोय. गल्ल्यावरचे काका येणाऱ्याला नावानं हाक मारतात. मिसळ, पाव, पापड, वाटीभर दही असं ताट समोर येतं. रस्सा पुन्हा मागावा लागत नाही. वाटी रिकामी दिसली की वाढणारा पोरगा आपणहून येतो.

शेजारच्या टेबलावर सौदा चाललाय. दिंडोरी तालुक्यात हे दिवस द्राक्षकाढणीचे. दिवाळीच्या आगेमागे गोडी छाटणी झालेल्या बागा आता उतरायला आल्यात. एका आबांनी पिशवीतून थॉमसनचा घड काढून टेबलावर ठेवलाय. व्यापारी मणी चिरडून रसाचा थेंब ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकतो, मीटर उजेडाकडे धरून डोळा लावतो.

"सतरा."

"बघू द्या," म्हणत आबाही डोळा लावतात. साखर दोघांना पटते, भाव पटत नाही. मग दुसरा चहा येतो. सालभराची मेहनत, औषधं, मजुरी, अवकाळीची धास्ती, सगळं त्या एका आकड्यावर येऊन थांबलंय. त्यांना घाई करा असं इथं कुणी म्हणत नाही.

कोपऱ्यात, भिंतीवरच्या प्लगखाली, तिशीतला एक तरुण लॅपटॉप उघडून बसलाय. पोहे संपलेत, चहाचा ग्लास बाजूला सरकवलाय. पुण्याच्या कंपनीचं काम तो इथून करतो. 2020 च्या टाळेबंदीत गावी आला आणि घरून काम करायची सवलत पुढंही मिळाली म्हणून राहिला. मळ्यातल्या घरी रेंज धरत नाही, गावात धरते. म्हणून सकाळ इथं.

त्याची मीटिंग सुरू होते. काका रेडिओवरचं भक्तिगीत बारीक करतात आणि सौद्याच्या टेबलाला सांगतात, "आबा, जरा हळू. पोराची मीटिंग लागलीय." आबा मान डोलावतात. आता भावाची घासाघीस कुजबुजत चालते.

तेवढ्यात वीज जाते. पंखा थांबतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. मोबाइलचं नेट आहे, तोवर काम अडत नाही.

नऊच्या सुमाराला कल्याणकडची एक गाडी थांबते. आजीबाई उतरतात, हात जोडून विचारतात, "देवीचा गड हाच ना?" सप्तशृंगीला सगळा महाराष्ट्र वणीची देवी म्हणतो, गड मात्र पुढं, कळवण तालुक्यात, नांदुरीच्या वर. काका सगळा रस्ता समजावतात. पायऱ्या झेपणार नसतील तर वर ट्रॉली आहे, हेही सांगतात. "आधी दोन घास खा, आजी. मग निघा."

बसायला जागा नाही. काही न बोलता तो तरुण लॅपटॉप मिटतो, वायर गुंडाळतो आणि बाहेरच्या बाकावर जातो. आजीबाई त्याच्या जागी टेकतात. पोरगा त्याचा चहा बाहेर नेऊन देतो.

सौदा ठरतो तो साडेनऊला. व्यापारी वहीत किलोचा भाव लिहितो, इसार मोजून देतो. आबा नोटा पुन्हा मोजतात, खिशात घालतात आणि बाहेर येऊन त्या तरुणाच्या पाठीवर हात ठेवतात. तो त्यांचाच मुलगा. कंपनीचं काम उरकलं की दुपारी तोही बागेत क्रेट भरायला जाणार आहे.

अशा गावांतल्या हॉटेलांनी लोकांच्या कामाला नेहमीच जागा दिलीय. शेतकरी, दलाल, ड्रायव्हर, भाविक यांचं कामकाज चहाच्या टेबलावरच चालत आलंय; लॅपटॉपवाला त्यांच्यातलाच नवा माणूस. शिकलेली मुलं गावात राहावीत असं आपण सगळेच म्हणतो. त्यांना राहायचं तर भरवशाची वीज, धड रेंज आणि दोन तास निवांत बसू देणारी जागा लागते. तिसरी गोष्ट वणीच्या काकांनी देऊन टाकलीय. पहिल्या दोन देणं सरकारचं आणि कंपन्यांचं काम आहे. आणि तुम्ही अशा हॉटेलात काम घेऊन बसलात, तर खाऊन-पिऊन बसा, आणि गर्दी झाली की जागा सोडा.