जोडगोळीचा मागोवा

नवी मुंबईत शिरवण्याच्या एमआयडीसीतून तुर्भ्याकडे निघालं की रसायनांचे आणि औषधांचे कारखाने लागतात. त्यातल्याच तुर्भ्याच्या हेम्मो फार्मास्युटिकल्सने वर्षानुवर्षं कृत्रिम पेप्टाइड बनवली. 2021 साली पिरामल फार्माने ही कंपनी 775 कोटी रुपयांना घेतली. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. एक कडी जोडायची, धुवायची, मग पुढची. शेवटी शुद्ध करून, गोठवून, सुकवून हाती येते चिमूटभर पांढरी पूड.

तशीच पूड ऑनलाइनही मिळते, ‘फक्त संशोधनासाठी’ असं लेबल लावून. दुखावलेला स्नायू, खांदा, गुडघा लवकर बरा व्हावा म्हणून बीपीसी-157 आणि टीबी-500 एकत्र टोचून घ्यायचे. जिमवाल्यांनी या जोडगोळीला नाव दिलंय ‘वुल्व्हरिन’, जखमा क्षणात भरणाऱ्या त्या सिनेमातल्या नायकाचं!

कहाणी जुनी आहे. वासराच्या थायमस ग्रंथीतून 43 अमिनो आम्लांचं थायमोसिन बीटा-4 वेगळं केल्याचं 1981 साली जाहीर झालं. टीबी-500 हा त्याचाच तुकडा म्हणून विकला जातो. पुढे नव्वदच्या दशकात झाग्रेबच्या प्रेड्राग सिकिरिच यांच्या गटाने जठररसातल्या प्रथिनाशी नातं सांगणारं 15 अमिनो आम्लांचं बीपीसी-157 पुढे आणलं. उंदरांच्या तुटलेल्या कंडरा त्याने लवकर जुळल्या, असे त्यांचे निष्कर्ष होते. एकाने नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात, दुसऱ्याने पेशी जखमेकडे सरकाव्यात. कागदावर हिशेब फक्कड जमतो. पण या मिश्रणाची माणसांवरची नीट नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झालेली नाही. शिवाय नव्या रक्तवाहिन्या फक्त जखमेलाच मिळतील, कर्करोगाच्या गाठीला नाही, याची हमी कोण देणार?

ऑस्ट्रेलियातल्या एसेंडन फुटबॉल क्लबने अशा इंजेक्शनांची किंमत मोजली. 2012 च्या हंगामात खेळाडूंना इंजेक्शनं दिली गेली. नेमकं काय टोचलं याच्या धड नोंदीही नव्हत्या. जानेवारी 2016 मध्ये क्रीडा लवादाने थायमोसिन बीटा-4 प्रकरणी 34 खेळाडूंना दोन वर्षांची बंदी ठोठावली. 2022 पासून बीपीसी-157 चं नावही ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या मनाई यादीत आहे.

आपल्याकडे तर साध्या खोकल्याच्या औषधाने घात केला. विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्या नमुन्यात टर्ब्युटलिन सापडलं. चुकून घेतल्याचं त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं, तरी 2019 मध्ये आठ महिन्यांची बंदी लागलीच.

नेरूळचं डी. वाय. पाटील मैदान शिरवण्याहून हाकेच्या अंतरावर. 26 ऑक्टोबर 2025 ला बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना सलामीवीर प्रतिका रावलचा पाय तिथे मुरगळला. आठवड्याने त्याच मैदानावर भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती व्हीलचेअरवरून जल्लोषात आली. सलामीला तिच्या जागी आलेल्या शेफाली वर्माने अंतिम सामन्यात 87 धावा केल्या.

दुखापत बरी व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी कुपी पुढे करतंच. ती घेण्याआधी खेळाडूने संघाच्या डॉक्टरला विचारावं: बीपीसी-157 वर बंदी स्पर्धेच्या काळात आहे, तशीच स्पर्धा नसतानाही आहे.