जुना फोन, नवी लाइन : तारेवरून आवाजाखेरीज काय काय जातं?

घरातला जुना लँडलाइन फोन इंटरनेटवर चालवायचा असेल, तर मधे एक छोटा डबा बसवावा लागतो. त्याला एटीए, म्हणजे अ‍ॅनालॉग टेलिफोन अ‍ॅडॅप्टर म्हणतात. एका बाजूला फोनची वायर, दुसऱ्या बाजूला राउटरकडे जाणारी केबल. 'हा डबा आवाजाचे आकडे करतो आणि ते पॅकेटमधून पाठवतो' एवढं सांगून आपण मोकळे होतो. परीक्षेला ते पुरेल. संशोधन करायचं असेल तर या वाक्यातून काय सुटलं, ते बघायला हवं.

आधी आवाज

टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. जी.७११ या कोडेकमध्ये त्याचे सेकंदाला ८००० नमुने घेतात, प्रत्येक नमुना ८ बिटचा. म्हणजे ६४ केबीपीएस. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट केलं, तर त्यात आवाजाचे १६० बाइट आणि आयपी, यूडीपी, आरटीपी यांच्या हेडरचे मिळून ४० बाइट असतात. सेकंदाला अशी ५० पॅकेट. आता हिशोब करा : ८० केबीपीएस. हेडरनेच एक पंचमांश जागा खाल्ली!

मग बाकीचं

जुन्या लाइनवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा डीसी पुरवठा येतो. तुम्ही रिसीव्हर उचलता, सर्किट पूर्ण होतं, करंट वाहू लागतो, त्यावरून एक्स्चेंजला कळतं की कुणीतरी फोन उचललाय. घंटी वाजवायला वेगळा, जास्त व्होल्टेजचा एसी सिग्नल लागतो. इंटरनेटच्या पॅकेटमध्ये यातलं काहीच नसतं. म्हणून डब्याचं एफएक्सएस पोर्ट हे सगळं जागेवरच तयार करतं. फोनसाठी तेच एक्स्चेंज. एफएक्सओ पोर्ट उलट काम करतं, ते स्वतः फोनसारखं वागतं. लक्षात ठेवा : एफएक्सएसला फोन जोडायचा, एफएक्सओला एक्स्चेंजची लाइन.

पुढची अडचण टोनची. बटण दाबल्यावर दोन फ्रिक्वेन्सी एकत्र वाजतात. जी.७२९ सारखा कोडेक ८ केबीपीएसमध्ये भागवतो, कारण तो माणसाच्या बोलण्याचं मॉडेल गृहीत धरतो. टोन म्हणजे बोलणं नव्हे, त्यामुळे पलीकडे तो वेडावाकडा पोचू शकतो. म्हणून 'अमुक बटण दाबलं' ही माहिती आरएफसी ४७३३ प्रमाणे वेगळ्या पॅकेटमधून पाठवता येते. फॅक्सचंही तसंच. त्यासाठी टी.३८ आहे, त्यात गेटवे फॅक्सचा सिग्नल उलगडून थेट डेटा पाठवतो. पूर्वी एकाच तारेवरून जाणाऱ्या गोष्टींना आता वेगवेगळ्या वाटा शोधाव्या लागतात.

हे कुठे महागात पडतं?

ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन नेटवर्क बंद करून ग्राहकांना इंटरनेटवर आणण्याचं काम चालू आहे. तिथे अनेक वृद्ध लोकांकडे टेलिकेअरचं बटण असतं. पडलं-झडलं की ते दाबायचं, फोन लाइनवरून मदत केंद्राला कळतं. यातली बरीच जुनी उपकरणं टोनवर चालतात. शिवाय जुन्या लाइनला वीज एक्स्चेंज पुरवायचं. एटीए आणि राउटर घरच्या विजेवर. वीज गेली की लाइन गेली. नव्या लाइनवर ही बटणं न चालल्याच्या गंभीर घटना समोर आल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांनी ग्राहकाच्या संमतीशिवाय होणारं स्थलांतर थांबवायचं मान्य केलं. नेटवर्क बंद करण्याची मुदतही डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ वर गेली.

जुन्या नेटवर्कने 'वीज गेली तरी फोन चालेल' हे काम इतकं बिनबोभाट केलं, की बहुतेकांना ते वेगळं काम आहे हेच जाणवलं नव्हतं.

तुमच्या विषयासाठी

तुम्हीही जुन्या पद्धतीच्या जागी नवी सुचवणार असाल, तर आधी कागदावर दोन रकाने पाडा. पहिल्यात लिहा, जुनी पद्धत कशासाठी बनवली होती. दुसऱ्यात, ती न सांगता आणखी काय काय करते आणि तिच्यावर कोण विसंबून आहे. दुसरा रकाना भरायला वेळ लागतो; वापरणाऱ्यांना जाऊन विचारावं लागतं. पण प्रबंधाचा प्रश्न बऱ्याचदा तिथेच सापडतो.