दुरून इंजिन सुरू करण्याची कळ

पूर्वीं मोटार हातदांड्यानें सुरू करीत. दांडा उलटला कीं मनगट मोडे. सन १९१२ मध्यें कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला व तें संकट टळलें. आतां कॅनडासारख्या थंड देशांत लोक घरांतूनच कळ दाबून इंजिन तापवितात. चोरसूचक भोंग्यासह हें यंत्र कित्येकजण स्वहस्तें बसवितात. त्याची रीत आम्ही थोडक्यांत सांगतों.

प्रथम १२ व्होल्टांची, इग्निशनची व स्टार्टरची तार मापकानें ओळखावी. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि त्यानंतरच जोडणी करावी.

परंतु खरें काम पुढेंच आहे. आसनावरील चालक गिअर पाहतो. दूरची कळ कांहींच पाहत नाहीं. हातगिअरची मोटार गिअरमध्यें राहिली तर ती पुढें उडी घेईल. बॉनेटखालीं कोणाचा हात असेल तर तो पट्ट्यांत सांपडेल. म्हणून न्यूट्रलची खात्री करणारी तार व बॉनेटची खटकी यांवांचून हें यंत्र वापरूं नये. तसेंच बंद गॅरेजांत कळ दाबूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडास वास नसतो, पण तो प्राण घेतो.

यंत्रानें श्रम वांचतात. सावधगिरी मात्र आपणांसच आधीं जोडून ठेवावी लागते.