दहा वाजताची भूक

अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत एकाच आवारात असतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातही तेच. मधे फार तर एक कुंपण, नाहीतर हातपंप. अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या पोरांना सकाळी नाश्ता मिळतो आणि नंतर गरम ताजा आहार. तीच पोरं सहा वर्षांची होऊन पहिलीत बसली की नाश्ता बंद. पोट तेच, घर तेच, आवारही तेच. बदललं ते खातं. काल एकात्मिक बालविकास होतं, आज शालेय शिक्षण. शाळेचं जेवण दुपारी एकच्या सुमारास, आणि भूक लागते दहाला.

हे नीट पाहायचं असेल तर रोवणीच्या दिवसांत यावं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि महिनाभरात धानाची रोवणी सुरू होते. बायका गुत्त्याने काम घेतात. जितका लवकर बांधावर पाय, तितका लवकर बांध पुरा. त्यामुळे घरात चूल पेटते ती पहाटे, डब्यापुरती. पोर उठतं तेव्हा आई शेतात असते आणि घरात रात्रीचा भात उरलेला असतो किंवा नसतो. नसला तर कोरा चहा आणि वाटेतल्या दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट.

अशाच दिवसांत चामोर्शीजवळच्या एका शाळेत मी मागच्या भिंतीला टेकून बसलो होतो. तिसरी-चौथीचा वर्ग एकत्र. गुरुजींनी सहज विचारलं, सकाळी काय खाल्लं? पुढच्या दोघांनी हात वर केले, भात. एकाने चहा सांगितला. बाकीचे फळ्याकडे पाहत राहिले. एक मुलगी म्हणाली, "माय रोवन्याले गेली जी." तिच्या मते प्रश्नाचं उत्तर तेवढ्यात आलं होतं, आणि खरंच आलं होतं. बऱ्याच शाळांत गणिताचा तास पहिला असतो, डोकं ताजं असतं म्हणून. या गुरुजींनी या दोन महिन्यांपुरतं गणित जेवणानंतर नेलं आहे. वेळापत्रकात तसं लिहिलेलं नाही. "हातच्याची वजाबाकी साडेअकराला शिकवली तर एकच्या नंतर परत शिकवावी लागते," म्हणाले.

शेजारी अंगणवाडीत दहाच्या सुमारास हरभऱ्याची उसळ वाटली जात होती. पहिलीतला एक पोरगा धाकट्या बहिणीला सोडायला आला आणि दाराशीच रेंगाळला. मदतनीस बाईंनी वर न पाहता त्याच्या ओंजळीत थोडी उसळ घातली. तो खात खात शाळेकडे गेला. अंगणवाडीच्या नोंदवहीत तो पोरगा कुठेच नाही.

आता शाळेच्या स्वयंपाकघराकडे. तिथे काय आहे हे पाहिलं की नाश्त्याला काय लागेल तेही कळतं. एक खोली, दोन मोठी गंजं, शेगडी, आणि गॅस संपला की मागच्या बाजूची चूल. पावसाळ्यात सरपण ओलं. तांदूळ सरकारकडून येतो, आणि गेल्या काही वर्षांत तो फोर्टिफाइड आला, म्हणजे शंभर दाण्यांत एक दाणा लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेला. तो दाणा जरा वेगळा दिसतो, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' समजून निवडून फेकणाऱ्या बायका अजून आहेत. पोषण फेकून दिलं जातं ते असं, सुपातून. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असं माप ठरलेलं आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत ही अपेक्षा. वाटण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायची. मग रोजची संख्या ऑनलाइन भरायची. शिक्षक या कामांना कावलेले आहेत, आणि नाश्त्याचं नाव काढलं की पहिला सुस्कारा त्यांचाच निघतो. त्यांना दोष देता येत नाही.

स्वयंपाकी बाई साडेदहाच्या आसपास येतात, कारण त्यांचंही घर आहे आणि रोवणीत त्यांचाही बांध आहे. त्यांना विचारलं, पोरं भूक लागली म्हणतात का? "म्हनत नाइ जी. बारा वाजल्यापासून पोट्टे भांड्याकडेच पाहत राह्यते."

नाश्त्याच्या योजना कागदावर सुरू होतात त्या पदार्थांच्या यादीपासून. सोमवारी उपमा, मंगळवारी पोहे. माझ्या मते यादी शेवटी करावी. आधी एकच ठरवावं: सकाळी नऊला चूल कोण पेटवणार आणि त्या दोन तासांचे तिला काय मिळणार. राज्यात स्वयंपाकी-मदतनीस बाईंचं मानधन महिन्याला अडीच हजार रुपये आहे, तेही वर्षातले दहाच महिने. त्यात आणखी एक वेळ बसवली तर पहिला आठवडा उत्साहाने जाईल. दुसऱ्या आठवड्यात पोहे कच्चे राहतील, आणि तिसऱ्यात बाई रोवणीला जातील. जावंच त्यांनी, तिथे रोजी जास्त मिळते.

आधी शिजवणारी बाई ठरवायची, हे तमिळनाडूने ओळखलं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत त्यांची नाश्ता योजना सुरू झाली, दीड हजाराच्या आसपास प्राथमिक शाळांत. २५ ऑगस्ट २०२३ पासून ती सुमारे ३१ हजार शाळांत गेली. उपमा, खिचडी, पोंगल, सोबत भाजी घातलेलं सांबार. यात फार मोठं काही नाही. खरी खुबी वेगळी आहे: स्वयंपाकाला बचत गटातली बाई नेमायची आणि तिचं स्वतःचं मूल त्याच शाळेत शिकत असावं, ही अट. आपलं पोर ज्या भांड्यातून खाणार ते भांडं बाई निराळ्या हाताने घासते. तपासणीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

आपल्या उंबऱ्यालगतचं उदाहरण मात्र सावध करणारं आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या सिरोंच्याहून गोदावरीपलीकडे तेलंगणा लागतो. तिथे ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहिली ते दहावीसाठी नाश्ता योजना वाजतगाजत सुरू झाली. दोन महिन्यांत सरकार बदललं आणि योजना मागे पडली. आंध्रने त्याच वर्षी मार्चमध्ये वेगळी वाट धरली. आठवड्यातून तीन दिवस सकाळी नाचणीची पेज, गूळ घालून. पेज शिजवायला एकच भांडं लागतं, वाढायला पेला पुरतो, आणि ज्याच्या घरी पेज-आंबील चालते त्या पोराला ती समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे कुठूनतरी पाकिटबंद बिस्किटं आणण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सकाळच्या नाश्त्याची शिफारस केली आहे. गरम जेवण जमत नसेल तिथे गूळ घालून शेंगदाणे किंवा चणे आणि जोडीला स्थानिक फळ द्यावं, इतकं साधं त्यात म्हटलं आहे. शिफारस झाली, पैसा आला नाही. पुढच्याच वर्षी दुपारच्या आहाराला पीएम पोषण हे नवं नाव मिळालं. नाश्ता बाहेरच राहिला.

यावर कोणी विचारतं, एका नाश्त्याने एवढा काय फरक पडतो? जमैकाच्या ग्रामीण भागात १६ शाळांतल्या दुसरी ते पाचवीच्या ८१४ मुलांवर एक अभ्यास झाला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना वर्षभर शाळेत नाश्ता दिला. उरलेल्यांना संत्र्याचा चौथा हिस्सा, म्हणजे लक्ष दोघांकडे सारखंच राहावं. नाश्ता खाणाऱ्यांची हजेरी थोडी सुधारली, वजन-उंची थोडी वाढली, आणि लहान वर्गांतल्या मुलांचं अंकगणित सुधारलं. 'थोडी' हा शब्द मी मुद्दाम ठेवतो, कारण नाश्त्याने पोरं हुशार होतात असली जाहिरात कोणी करू नये. त्याच देशातल्या आधीच्या एका अभ्यासात दिसलं होतं की नाश्ता चुकला की फटका बसतो तो आधीच कमी वजनाच्या मुलांना. भरल्या घरच्या मुलांचं फारसं बिघडत नाही. गडचिरोलीतल्या वर्गात कोण बसलेलं असतं, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

मग इथे काय शिजवावं? पोह्यांचा मोह सगळ्यांना होतो, पण पन्नास पोरांचे पोहे वाढेपर्यंत कोरडे होतात आणि ते दुकानातून विकतच आणावे लागतात. माझं मत घुगऱ्यांना. हरभरा आदल्या दिवशी शाळा सुटताना भिजत घालायचा, वर जड झाकण, कारण उंदीर. सकाळी कुकरमध्ये उकडायचा, मीठ-जिरं, वर कांदा असला तर असला. मुलामागे ३० ग्रॅम कोरडा हरभरा धरला तर सहाएक ग्रॅम प्रथिनं आणि शंभराच्या वर उष्मांक मिळतात. किलोला ८० ते १०० रुपये भाव धरला तरी खर्च अडीच-तीन रुपये. गुळाचा खडा दिला तर आणखी थोडा. एक दिवस गूळ घातलेली पेज, एक दिवस अंडं किंवा केळं. वेळ दहाच्या आतली हवी, म्हणजे एकचं जेवण पोरं टाकणार नाहीत. लोहाची गोळी, पहिली ते पाचवीची गुलाबी आणि पुढची निळी, मात्र दुपारच्या जेवणानंतरच राहू द्यावी. अर्ध्या पोटी घेतली की मळमळतं, आणि एका पोराला मळमळलं की पुढच्या आठवड्यात वर्गातली निम्मी पोरं तोंड फिरवतात.

मार्च-एप्रिलचं गणित निराळं आहे. उन्हामुळे शाळा सकाळची होते आणि नेमके तेच दिवस मोहाचे. पोरं पहाटे आईबरोबर टोपली घेऊन झाडाखाली जातात, फुलं वेचून तशीच शाळेत येतात. तेव्हा नाश्ता शाळा भरल्या भरल्या हवा. म्हणजे बाईंना पहाटे यावं लागेल, आणि त्याही मोहाला गेलेल्या असतील. याला माझ्याकडे सरळ तोड नाही. मोह पडायच्या त्या दिवसांत भाजलेले चणे आणि गूळ कागदात बांधून ठेवले तर निभावेल, एवढंच.

पैशाचा प्रश्न आला की शासनाला लोकसहभाग आठवतो. जानेवारी २०२५ मध्ये अंडं आणि गोड पदार्थ यांच्यासाठी शाळांनी लोकसहभागातून सोय करावी असं राज्याने सांगितलं. धान निघाल्यावर गाव पायलीभर तांदूळ आनंदाने देईल. वाढदिवसाला कोणी केळी वाटेल. पण जुलैत, जेव्हा नाश्त्याची खरी गरज असते, तेव्हा त्याच गावाच्या कणग्या तळाला लागलेल्या असतात. गरजेच्या महिन्यात ज्याच्याकडे नाही त्याच्याकडेच मागायचं, हा सहभाग नव्हे.

आणि या जिल्ह्यात पैसा नाही असंही आता म्हणता येत नाही. सुरजागडचं लोहखनिज रोज खाली येतं, चामोर्शी तालुक्यातच कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहतो आहे. २०१५ च्या कायद्याने खाणपट्टेधारकांकडून मिळणारा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होतो, आणि त्यातला मोठा हिस्सा आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण यांसारख्या गोष्टींवर खर्च करायचा असतो. जिल्हा परिषदेने त्यातून पहिली ते पाचवीसाठी नाश्ता मागावा. सगळ्या वर्षाचा नको. जुलै-ऑगस्टचे दोन महिने आणि मार्च-एप्रिलचे दोन महिने, एवढ्यापासून सुरुवात करावी. आणि मागणीपत्रात हरभऱ्याच्या आधी स्वयंपाकी बाईंच्या वाढीव दोन तासांचा मोबदला लिहावा.